राहिलेली कानपिळी

"येण्याचं कारण?" काचेपलीकडच्या पोलीसबाईंनी विचारलं.

"एका माणसाचा कान पिळायचा आहे," मी म्हणालो.

माझं इंग्रजी तासगावच्या मानानं बरं आहे, तरी खात्रीसाठी मी स्वतःचा उजवा कान धरून दाखवला. बाईंनी माझ्या कानाकडे पाहिलं, पासपोर्टातल्या फोटोच्या कानाकडे पाहिलं, दोन्ही जुळले. मग त्यांनी एका सुट्या चिठ्ठीवर 'पर्यटन' असं लिहिलं आणि शिक्का मारला. चिठ्ठीवर. पासपोर्टावर नाही. या अर्ध्या शहराचा शिक्का पासपोर्टावर बसला तर त्या अर्ध्या शहराला राग येतो, म्हणून सुटा कागद.

"तिला खरं कशाला सांगितलंस?" मागून पोपटआबा म्हणाले.

"पोलिसांशी खोटं बोलू नये, आबा."

"मग मी काय सांगू?"

"तुम्ही साक्षीदार."

आबांनी पांढरी टोपी नीट केली आणि खिडकीत वाकून म्हणाले, "विटनेस." त्यांच्याही चिठ्ठीवर 'पर्यटन' आलं.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. शहर निकोसिया, सायप्रस बेटाची राजधानी. शहराच्या मधोमध एक रेघ आहे. दक्षिणेला ग्रीक बोलणारे, उत्तरेला तुर्की बोलणारे. दुकानांनी भरलेला एक रस्ता चालता चालता एका चौकीपाशी थांबतो. पुढची साठ-सत्तर पावलं कोणाचीच नाहीत. तिथे बंद घरं, गोळ्यांनी खरवडलेल्या भिंती आणि मन रमावं म्हणून ठेवलेल्या फुलांच्या कुंड्या. मग दुसरी चौकी, आणि रस्ता जणू काही झालंच नाही असा पुढे सुरू. फक्त पाट्यांवरची अक्षरं बदलतात.

आम्ही तिथे द्राक्ष बागायतदारांच्या अभ्यासदौऱ्यावर गेलो होतो. मी बेदाण्याच्या शीतगृहात सुपरवायझर होतो आणि इंग्रजी येतं म्हणून मला बावीस शेतकऱ्यांबरोबर पाठवलं होतं. आबा त्यांतलेच एक. तिथले लोक द्राक्षं आपल्यासारखीच वाळवतात हे पहिल्या अर्ध्या तासात कळलं. उरलेले चार दिवस आम्ही माना डोलावत होतो. शेवटच्या दिवशी दोन वाजता आमची बस दक्षिण बाजूनं विमानतळाला निघणार होती. साडेअकरा वाजता मी आणि आबा रेघ ओलांडून उत्तरेला आलो. कारण उत्तरेला धैर्यशील होता.

धैर्यशील हणमंतराव जगदाळे, मुक्काम विटा. हा माझा दाजी. म्हणजे होणार होता.

त्याच्या तीन वर्षं आधी तासगावच्या मंगल कार्यालयात माझ्या वृषालीताईचं लग्न होतं. नऊशे पानं, बारा सदतीसचा मुहूर्त. माझं नाव संग्राम, वजन तेव्हा बावन्न किलो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणीतरी महत्त्वाचं काम दिलं होतं: कानपिळी. आमच्याकडे नवरीच्या भावानं नवरदेवाचा उजवा कान पिळायचा आणि बजावायचं, माझ्या बहिणीला नीट सांभाळ. नवरदेवानं विचारायचं, "काय पाहिजे?" भावानं सांगायचं, नवरदेवानं कबूल करायचं, मग कान सोडायचा. बाकीचे भाऊ हे नुसतं नावापुरतं करतात. मी महिनाभर सराव केला होता. माझ्या तीन चुलतभावांचे कान त्या महिन्यात लांबले असं काकूंचं म्हणणं होतं. मागायचं काय तेही ठरलं होतं. घड्याळ.

बारा सदतीसला मी जोधपुरी घालून, बोटं मोकळी करून उभा होतो. बारा सदतीसला नवरदेव लोणावळ्यात वडापाव खात होता. हे अर्थात नंतर कळलं. तेव्हा एवढंच झालं, की सव्वा वाजता त्याचे वडील माईकजवळ गेले आणि जत्रेत पाकीट हरवल्याची सूचना द्यावी तसं म्हणाले, "मुलगा सापडत नाही." सकाळी सहापासून शोधत होते. आम्हाला सव्वाला सांगितलं.

ताई त्या दिवशी शालू बदलून आली आणि पंगतीत वाढायला लागली. नऊशे माणसं जेवली. आबाही जेवले.

"अन्नाचा काय दोष?" असं ते आजही म्हणतात. लग्न त्यांनीच जुळवलं होतं.

धैर्यशील का आला नाही, ते कोणालाच माहीत नव्हतं. चिठ्ठी नाही, फोन नाही. आणि कारण दिलं नाही की तालुका ते पुरवतो. आठवड्याभरात ताईला फिट येत होती. महिन्याभरात तिचं आधी एक लग्न झालेलं होतं. दिवाळीपर्यंत तिला एक लाकडी पाय होता. ताई रोज सायकलवरून नगरपालिकेत कामाला जायची, त्याच रस्त्यानं, त्याच लोकांसमोरून, दोन्ही पायांनी पॅडल मारत. पण लोकांचा डोळ्यांपेक्षा शेजाऱ्यावर विश्वास जास्त. तीन वर्षांत अकरा स्थळं आली. अकराही ठिकाणी चहा झाला, पोहे झाले, आणि शेवटी एक सवाल: "सगळं ठीक आहे हो, पण तो का आला नाही?" त्याला आमच्या घरात कोणाकडेच उत्तर नव्हतं. बारावं स्थळ दिवाळीनंतर येणार होतं.

आबांचंही नुकसान झालं होतं. त्यांनी आयुष्यात एकसष्ट लग्नं जुळवली होती. "आता मला कोण म्हशीचं सुदिक विचारत न्हाई," ते म्हणायचे.

मग कोणाच्या तरी फेसबुकवर एक फोटो आला. धैर्यशील, हातात डाळिंबाच्या रसाचा ग्लास, मागे चौकी, खाली लिहिलेलं 'निकोसिया लाइफ'. मी तो फोटो वर्षभर रोज पाहिला. हसणं पाहिलं नाही, कान पाहिले. चांगले होते. धरायला जागा होती.

रसाचं दुकान चौकीपासून वीस पावलांवर निघालं. संत्र्यांचा ढीग, डाळिंबांचा ढीग आणि मध्ये लोखंडी दांड्याचं यंत्र. दांडा ओढत धैर्यशील उभा होता. थोडा सुटला होता. त्यानं आधी मला पाहिलं नाही. आधी त्याला आबांची टोपी दिसली.

"आबा?" तो म्हणाला.

आणि मग या माणसानं काय करावं? पळावं? नाही. तीन वर्षं परदेशात राहिला, तुर्की शिकला, तरी समोर टोपीतला म्हातारा दिसल्यावर दांडा सोडून, हात पुसून, दुकानाबाहेर आला आणि आबांच्या पायाला वाकला.

"सुखी राहा," आबांच्या तोंडून निघून गेलं. मग आठवल्यावर म्हणाले, "न्हाई, माघारी घेतो."

तोवर कान आपोआप माझ्या हाताशी आलेला होता. मी धरला.

"नमस्कार, दाजी."

त्यानं वाकल्या वाकल्या मान तिरकी करून वर पाहिलं. मला ओळखलं. कान डाळिंबाच्या रसानं ओला होता, तेवढ्यावर निसटला, आणि धैर्यशील पळाला.

पळण्याच्या बाबतीत सांगली जिल्ह्यात या माणसाला तोड नाही. पण घाबरलेला माणूस दिशा बघत नाही. तो रिकामा रस्ता दिसला तिकडे पळाला, म्हणजे वीस पावलं दक्षिणेला, थेट चौकीच्या फाटकाशी. तिथे त्याच पोलीसबाई. त्यांनी हात पुढे केला. धैर्यशीलकडचे कागद फक्त उत्तरेचे. रेघेपलीकडच्या लोकांच्या हिशेबी तो बेटावर आलेलाच नव्हता. पळून जायला गाव आख्खं लागतं. याच्याकडे अर्धंच होतं.

मी सावकाश चालत गेलो. बावन्न किलोच्या माणसाला सावकाश चालत जाऊन कोणाला पकडण्याची संधी रोज मिळत नाही.

बाईंनी मला पाहिलं. मग धैर्यशीलला पाहिलं. "हाच कान?" त्यांनी विचारलं.

"हाच."

त्या पुन्हा आपल्या कागदांत बघायला लागल्या.

मी कान नीट धरला, या वेळी रुमालानं पुसून, आणि त्याला दुकानापाशी परत आणला. तोवर मालकीणबाई बाहेर आल्या होत्या. पन्नाशीच्या, जाड भुवयांच्या, हातात डाळिंब कापायची सुरी. नाव एमिने. धैर्यशील त्यांना 'आब्ला' म्हणायचा. त्यांच्या भाषेत ताई.

"हे काय चाललंय?"

"काही नाही, आब्ला," धैर्यशील कानासकट म्हणाला. "आमच्याकडची पद्धत आहे."

"कसली?"

"लग्नातली."

"तुझं लग्न झालंय?"

मी इंग्रजीत सांगितलं. नऊशे पानं, बारा सदतीस, माईक, लाकडी पाय, सगळं. आबा मराठीत अधूनमधून भर घालत होते आणि बाईंना ती समजत होती असं वाटलं, कारण त्या योग्य जागी मान हलवत होत्या.

"तिची चूक होती काही?" त्यांनी मला विचारलं.

"तेच विचारायला आलोय."

बाईंनी सुरी खाली ठेवली. चौकीपलीकडे बोट केलं. "तिकडे चाळीस पावलांवर माझ्या आईचं घर आहे. बंद. मलाही कोणाचा तरी कान धरायचाय. कोणाचा, ते पन्नास वर्षं ठरत नाही." मग माझ्या मुठीकडे पाहून म्हणाल्या, "तुझं नशीब चांगलं. सोडू नकोस."

त्यांनी आबांना खुर्ची दिली, छोट्या कपात काळी कॉफी दिली.

"थँक यू. गुड ग्रीक कॉफी," आबा म्हणाले.

बाईंच्या भुवया जवळ आल्या.

"अरं तिच्या," आबा मला म्हणाले. "काल तिकडं टर्किश म्हणालो तर त्यो पोरगा रागावला. आज हिकडं ग्रीक म्हणालो तर ही रागावली. उद्यापास्नं नुसतं काळी म्हणणार."

मी कान पिळायला घेतला. महिनाभराचा सराव वाया गेला नव्हता. अंगठा आत, दोन बोटं बाहेर, आणि घड्याळाला किल्ली द्यावी तसं. धैर्यशील पंजांवर उभा राहिला. डोळ्यांत पाणी आलं. आणि मग त्या वेदनेत, कुठून कोण जाणे, लहानपणापासून पाहिलेल्या शंभर लग्नांतून त्याच्या तोंडून निघालं:

"काय पाहिजे?"

माझी बोटं सैल झाली. मी केली नाहीत. आपोआप झाली. इतकी वर्षं मी ठरवलं होतं की कान हातात आला की तो लाल होईल, जांभळा होईल, आणि मी सोडणार नाही. पण त्यानं विचारलं होतं. विचारल्यावर पिळत राहता येत नाही. मी आबांकडे पाहिलं.

"विचारलंय त्यानं," आबा कॉफीचा कप खाली ठेवत म्हणाले. "आता मागावं लागतंय."

"कारण पाहिजे," मी म्हणालो. "का आला नाहीस?"

"कारण काही नाही रे."

"आहे."

"खरंच नाही, संग्राम." तो कान चोळत संत्र्यांच्या खोक्यावर बसला. "म्हणजे आहे, पण ते सांगण्यासारखं नाही. इकडच्या कॉलेजचं माझं काम झालं होतं. हॉटेल मॅनेजमेंट. घरी सांगितलं नव्हतं. एजंटनं विमानाची तारीख काढली ती नेमकी लग्नाच्या दिवसाची."

"मग?"

"मग काय? एजंटला म्हणायला पाहिजे होतं तारीख बदल. भीती वाटली. वडिलांना म्हणायला पाहिजे होतं मुहूर्त बदला. त्याचीही भीती वाटली. उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिलो. लग्नाच्या पहाटे बघतो तर उद्या उरलाच नाही."

"आणि?"

"दोघांतला जास्त ओरडणारा एजंट होता."

रस्त्यावरून पर्यटकांचा एक घोळका गेला. मी तीन वर्षं एवढी कारणं कल्पिली होती: दुसरी मुलगी, दारू, शाप, हुंड्याची खुसपटं. एकालाही मी इतकं हलकं ठेवलं नव्हतं. माझ्या बहिणीला लाकडी पाय फुटला तो एका एजंटचा आवाज मोठा होता म्हणून.

आबा उठले. टोपी काढून हातात घेतली, म्हणजे आता ते एकसष्ट लग्नांच्या अधिकारानं बोलणार होते.

"वृषालीत काय खोट हुती का?"

"नाही आबा. ती तर इतकी..."

"ती तर राहू दे. हुती का न्हवती?"

"नव्हती."

"मी ऐकलं," आबा म्हणाले आणि टोपी घातली.

"आता हेच ताईला सांग," मी म्हणालो. "फोन लाव. तुझ्या फोनवरून."

"संग्राम, दुसरं काहीही माग. पाया पडतो."

"घड्याळ आहे?"

तो खरंच मनगटावरचं घड्याळ काढायला लागला.

"राहू दे. फोन लाव. ऑफिसचा नंबर देतो."

दुपारचे बारा, म्हणजे आपल्याकडे अडीच. ताई नगरपालिकेत पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसते. फोन कोणाचाही असो, आमदाराचा असो की आमच्या आईचा, ती आधी नाव विचारते, मग गाव, मग तक्रार कधीपासूनची. वहीत लिहिल्याशिवाय पुढे सरकत नाही. मी स्पीकर लावला आणि फोन धैर्यशीलच्या तोंडासमोर धरला.

"पाणीपुरवठा, तक्रार खिडकी. बोला."

धैर्यशील फोनकडे वाकला. "वृषाली?"

पलीकडे कोणाच्या तरी चपलांचा आवाज.

"नाव सांगा," ताई म्हणाली.

"मी धैर्यशील."

"पूर्ण नाव."

"धैर्यशील हणमंतराव जगदाळे."

"गाव?"

"विटा."

"विट्याचं पाणी आमच्याकडे येत नाही."

"पाण्याचं नाहीये. मी तो..."

"मग तक्रार कशाची?"

"तक्रार नाही. चूक आहे. माझी."

"कधीपासूनची?"

"तीन वर्षं झाली."

"तीन वर्षं झाली आणि आज कळवताय?"

एमिनेबाईंना एक शब्द कळत नव्हता, पण त्यांनी यंत्राचा दांडा ओढायचा थांबवला होता.

"चुकीचं स्वरूप सांगा," ताई म्हणाली. "सावकाश. मी लिहून घेते."

धैर्यशीलनं सांगितलं. कॉलेज, एजंट, तारीख, वडील, पहाटेची गाडी. दर वाक्यानंतर ताई "हं, पुढे," म्हणायची. एजंटपाशी तिनं त्याला थांबवलं आणि एजंट नेमका किती मोठ्यानं ओरडायचा ते विचारलं. त्यानं तेही सांगितलं. लोणावळ्याच्या वडापावाचं त्यानं आपण होऊनच सांगितलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"मुलीत काही दोष होता का?"

"नाही."

"ऐकू येत नाही. मोठ्यानं बोला."

"नाही!"

"पूर्ण वाक्य बोला. वहीत पूर्ण वाक्य लागतं."

धैर्यशील उभा राहिला. डावीकडे मशिदीचा मिनार, उजवीकडे चौकी, समोर आइस्क्रीम खाणारं एक जर्मन कुटुंब. तो ओरडला, "मुलीत काही दोष नव्हता! मी घाबरलो! मी पळालो! तिचा काहीही संबंध नव्हता!"

जर्मन मुलीचं आइस्क्रीम खाली पडलं.

"नोंद झाली," ताई म्हणाली. "खिडकीवर चार जण उभे आहेत. त्यांनीही ऐकलं. आणखी काही?"

"वृषाली, मला माफ कर."

"माफी या खिडकीवर मिळत नाही. सोबत कोण आहे?"

"संग्राम."

"त्याला द्या."

मी फोन जवळ घेतला, स्पीकर तसाच ठेवून. पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला. तीन वर्षांत मी ताईला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही ती रडली नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण बोलली तेव्हा आवाज खिडकीवरचा नव्हता.

"संग्या, आबांनी ऐकलं ना?"

"सगळं ऐकलं ग पोरी," आबाच पुढे होऊन म्हणाले. "तासगावात उतरलो की आधी चौकात जातो. घरी मागनं."

"हं. पिळलास?"

"पिळला."

"कुठला?"

"उजवा."

"एकच?"

"कानपिळीत एकच असतो, ताई."

"लग्न लागलं तर एक," ताई म्हणाली.

मी धैर्यशीलकडे पाहिलं. त्यानं चौकीच्या फाटकाकडे पाहिलं, पोलीसबाईंकडे पाहिलं, एमिनेबाईंकडे पाहिलं. कुठेच काही नव्हतं. मग त्यानं मुकाट्यानं मान वळवली आणि डावी बाजू माझ्याकडे केली.

मी फोन आबांच्या हातात दिला. ताईनं तो ठेवला नव्हता. ती ऐकत थांबली होती.